साहेबाचं बिऱ्हाड

गेल्या ऑक्टोबरात आमच्या वरच्या मजल्यावर एक ब्रिटिश कुटुंब राहायला आलं. चार माणसं, चार निळे पासपोर्ट, सात बॅगा. बाईंचं माहेर मानवत, साहेबांचं गाव सेलू.

बाई म्हणजे माझी भाची. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ती लग्न होऊन इंग्लंडला गेली. तिथं रेडिंग नावाच्या गावात त्यांनी घर घेतलं. (हे गाव लिहिताना ‘रीडिंग’ आणि बोलताना ‘रेडिंग’. इंग्रजांनी आपल्या गावांची नावं पोस्टमनला छळण्यासाठीच ठेवलेली दिसतात.) पुढं केव्हातरी नवरा-बायकोनं राणीशी इमान राखायची शपथ घेतली. मुलं तर तिथलीच. यंदा माझ्या बहिणीचे दोन्ही गुडघे एकापाठोपाठ एक बदलायचे ठरले, ऑफिसनं इथून काम करायची मुभा दिली, आणि मानवतपेक्षा परभणीचं नेट जरा बरं म्हणून बिऱ्हाड आमच्याकडं पडलं.

देवगिरी एक्स्प्रेसनं मंडळी सकाळी उतरली. रिक्षातून बॅगा निघत असताना समोरच्या काकू ओट्यावर आल्या.

“पाहुणे कुठले?”

“इंग्लंडचे,” मी जरा छाती काढून सांगितलं.

“हौ का? मूळचे?”

“मानवतचे.”

“मग असं सांगा ना,” म्हणून काकू आत गेल्या. त्यांच्या लेखी प्रकरण तिथंच मिटलं.

माझ्या लेखी मात्र ते सुरू झालं. कारण थोरली, वय अकरा, हिच्या तिकडच्या शाळेनं इतकी मोठी सुट्टी देताना एक अट घातली होती. तिनं रोज वही लिहायची. विषय : ‘परदेशातलं आमचं रोजचं जीवन’. परदेश म्हणजे परभणी. “बनी तो बनी, नहीं तो परभणी” ही म्हण मी लहानपणापासून ऐकतोय. निजामाच्या राज्यातला नोकरदार असो की पुढं महाराष्ट्र सरकारचा, ज्याची बदली इथं झाली त्यानं ती उसासा टाकून म्हटलेली. त्यावर आम्ही परभणीकरांनी “जगात जर्मनी, भारतात परभणी” असं ठोकून दिलं आणि बदला घेतला. पण परभणीला परदेश म्हणून कुणी वहीत लिहिल्याचं पहिल्यांदाच पाहत होतो. मला उगीचच इस्त्रीचा शर्ट घालावासा वाटू लागला.

पहिला धक्का थंडीनं दिला. इंग्लंडची माणसं, त्यांना कसली आलीय थंडी, असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्या हिनं तर पाहुण्यांना उकडेल म्हणून पंख्याला तेल घालून ठेवलेलं. डिसेंबरात पोरं लांबलचक कोट घालून जेवायला बसली. “आजोबा, घरात एवढं कोल्ड का आहे?” धाकट्याचा प्रश्न. रेडिंगला म्हणे बाहेर थंडी असते, घरात नसते. भिंतीला नळ्यांचे गरम फळे लावलेले असतात आणि माणसं आत अर्ध्या बाह्यांवर हिंडतात. आमच्याकडं उलटं. आमचं घर बांधणाऱ्यानं ते बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा उन्हाळा डोळ्यांपुढं ठेवून बांधलेलं. शहाबादी फरशी, उंच छत, आणि एकही खिडकी अशी नाही की जी पूर्ण लागते. परभणीची थंडी कुणी गंभीरपणे घेत नाही. पण 2018 च्या डिसेंबरात कृषी विद्यापीठातल्या वेधशाळेत पारा 2 अंशांच्या आसपास उतरला होता, तेव्हा परभणीचं नाव टीव्हीवर आलं होतं. ते मी पोरांना अभिमानानं सांगितलं. थोरलीनं वहीत लिहिलं, “इथले लोक थंडी अंगणात शेकोटी करून घालवतात आणि मग घरात येऊन पुन्हा गारठतात.” वाक्यात चूक काढायला जागा नव्हती.

दुसरा प्रश्न पोटाचा. सात बॅगांपैकी एक पूर्ण खाण्याची होती. हे मला ओळखीचं वाटलं. आठ वर्षांपूर्वी आम्ही दोघं रेडिंगला गेलो, तेव्हा आमच्याही एका बॅगेत येसर, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि वाळवलेल्या गवाऱ्या होत्या. आता उलट दिशेनं आलेल्या बॅगेतून ओट्स निघाले, चीज निघालं, चहाच्या पुरचुंड्या निघाल्या आणि एक बुटकी, काळी, पोटाळलेली बरणी निघाली. पिवळं झाकण. आत वंगणासारखं काहीतरी.

“हे गुडघ्याला लावायचं का?” हिनं विचारलं.

ते मार्माइट होतं. बिअर आंबवताना जो यीस्टचा गाळ उरतो, त्यापासून केलेला खारट लेप. पोरं तो पावावर लोण्यासोबत लावून खातात. मी बोटावर घेऊन चाखला आणि साम्राज्य का बुडालं हे मला कळलं.

पण पोरांचीही फसगत व्हायचीच होती. चटणी हा शब्द त्यांना चांगला ठाऊक होता. तिकडं चटणी म्हणजे काचेच्या बरणीतला आंब्याचा गोड मुरंबा, चीजबरोबर खायचा. त्यामुळं पहिल्या दिवशी धाकट्यानं भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा चमचाभर घेतला आणि तोंडात टाकला. पुढची दहा मिनिटं घरात फक्त साखरेचा डबा आणि धाकटा यांचंच नाटक चाललं. खिचडीचंही तेच. इंग्रज लोक आपल्या खिचडीला ‘केजरी’ म्हणतात आणि तिच्यात धुरी दिलेला मासा आणि उकडलेली अंडी घालतात. सोमवारी संध्याकाळी आमच्याकडं खिचडी म्हटल्यावर थोरलीनं “मासा कुठाय?” म्हणून विचारलं. हिनं देवघराचा पडदा ओढून घेतला.

पायजमा, बंगला, शाम्पू हे शब्द इकडून तिकडं गेलेत, असं मी सांगत सुटलो की धाकटा माझ्याकडं संशयानं पाहायचा. आजोबा लोक कुठल्याही देशातले असोत, सगळं आपणच शोधलं असं म्हणतात, हे त्याला बहुधा तिकडंच कळलेलं होतं.

जानेवारीत थोरलीची वही अडली. शाळेतल्या बाईंनी कळवलं होतं की स्थानिक इतिहासावर दोन पानं लिही. तिनं मला विचारलं, “आजोबा, आमच्या आधी इथं कुठली ब्रिटिश फॅमिली राहिली होती का?”

आता परभणी म्हणजे निजामाचा मुलूख. पुण्या-मुंबईला इंग्रज कलेक्टर असायचा तसा इथं नव्हता. इथला मालक निजाम, इंग्रज म्हणजे मालकानं ठेवलेला राखणदार. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, शिपाई आपले, पगार निजामाचा. तो पगार थकत गेला आणि 1853 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्या खर्चापोटी अख्खा वऱ्हाड स्वतःच्या ताब्यात घेतला. राखणदारानं मालकाचंच शेत लिहून घेण्याचा प्रकार. आमच्या गल्लीतल्या सावकाराला हे कळलं असतं तर त्यानं कंपनीचा फोटो लावला असता. या फौजेची एक छावणी हिंगोलीत होती, आणि हिंगोली 1 मे 1999 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती. म्हणजे उत्तर ‘हो’ होतं. माझ्या आजीचं माहेरही हिंगोलीचं. एका रविवारी जीप ठरवली आणि जिंतूर, औंढा करत निघालो. वाटेत एका ओळखीच्या शेतात हुरडा खाल्ला. औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेतलं. ब्रिटिश कुटुंबानं देवळात हिंडताना चार वेळा ‘सॉरी’ म्हटलं, त्यातलं एकदा नंदीला.

हिंगोलीत पाहण्यासारखं काय उरलंय म्हणाल तर नावं. पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. पायदळ कुठं, घोडदळ कुठं, तोफा कुठं, म्हातारे शिपाई कुठं, सगळा नकाशा नावांत जपलेला. रिक्षावाल्याला “रिसाल्यात सोड” म्हटलं की तो सोडतो. घोडा कुठं गेला हे विचारत नाही. छावणी 1903 मध्ये उठली, कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत विरघळली. पूर्ण्याहून हिंगोलीला रेल्वे आली 1912 मध्ये. म्हणजे जोवर साहेब होते तोवर त्यांच्या मडमा बैलगाडीत आदळत हिंगोलीला यायच्या, आणि ते गेल्यावर नऊ वर्षांनी गाडी आली. काही गोष्टी त्या काळापासूनच आमच्याकडं वेळेवर येतात.

पेन्शनपुऱ्यात चहा घेताना मी पोरांना हरीसिंगाची गोष्ट सांगितली. ही गोष्ट फिलिप मेडोज टेलर या निजामाच्या पदरी असलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या, 1839 साली निघालेल्या ‘एका ठगाची जबानी’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत आहे. हरीसिंग हिंगोलीचा प्रतिष्ठित कापडवाला. छावणीच्या बाजारात उठबस. एकदा त्यानं साहेबांकडं अर्ज केला की मुंबईहून माझं कापड येतंय, त्यासाठी परवाना द्या. परवाना मिळाला. कापड मात्र दुसऱ्याच व्यापाऱ्याचं होतं. हरीसिंगानं वाटेत त्याला माणसांसकट संपवलं, तोच परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड उघड विकला. पकडला गेल्यावर त्यानं हे मोठी गंमत म्हणून सांगितलं. त्याच्या टोळीनं मारलेल्या आणखी लोकांची, पहारेकऱ्यांच्या रांगेपासून काहीशे पावलांवर पुरलेली प्रेतं पुढं उकरून काढावी लागली.

“म्हणजे तो ठग होता,” धाकटा म्हणाला. हा शब्द त्याला येत होता. त्याच्या शाळेत दांडगाई करणाऱ्या पोराला ‘थग’ म्हणतात. तो शब्द इकडचा आहे हे यावेळी त्यानं लगेच मान्य केलं. चटणीपेक्षा ठगाचं श्रेय आम्हाला द्यायला तो जास्त तयार होता.

मला मात्र हरीसिंगापेक्षा त्याचं गिऱ्हाईक डोळ्यांपुढं येत राहिलं. कुणी मडम त्या दुकानाशी उभी आहे. दुपारच्या फ्रॉकसाठी तलम कापड हवंय. हिंदुस्थानी शब्द ती मोडून तोडून बोलतेय. ‘किटना’, ‘बहुट महँगा’. हरीसिंग आदबीनं थान उलगडतोय. तिनं घासाघीस करून दोन आणे कमी करून घेतले असतील, संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली असेल, इथले दुकानदार महा लबाड, पण हा एक प्रामाणिक.

तशी ती कशी राहत असेल, हे फार अवघड नाही कळायला. पुढं 1888 मध्ये फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी हिंदुस्थानात घर चालवणाऱ्या इंग्रज बायकांसाठी एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात पहिलीच ताकीद ही की नोकरांना कळेल असा हुकूम देण्याइतकी इथली भाषा आधी शिका. मग रोज कोठीच्या खोलीचं कुलूप आपल्या हातानं उघडा, दिवसाचं सामान मोजून काढून द्या, स्वैपाकघरात चक्कर टाका. हे मी वाचलं तेव्हा मला माझी हिंगोलीची आजीच दिसली. कमरेला किल्ल्या, मापानं काढलेलं तेल, आणि गड्यावर कायमचा संशय. फरक एवढाच की आजीला त्यासाठी पुस्तक लागलं नाही. आणि ती मडम हिंगोलीच्या उन्हात काळ्या मातीत गुलाब लावत असेल, नाताळला पुडिंग शिजवत असेल, पत्र कित्येक महिन्यांनी पोचणार हे माहीत असून आईला लिहीत असेल की इथं सगळं अगदी घरच्यासारखं आहे.

हे वाक्य मी ऐकलंय. रेडिंगच्या घरात, भाचीच्या तोंडून, तिच्या आईच्या फोनवर. त्या मुक्कामात मी पाहिलं, परभणीत कुणी करत नाही इतकी परभणी तिनं तिथं मांडली होती. आमच्याकडं संक्रांतीला तिळगूळ दुकानातून येतो. तिनं घरी पाक केला होता, तोही तीनदा बिघडवून. आम्ही नागपंचमी विसरतो. तिच्या फ्रिजवर नागाचं चित्र. येसराचा डबा तिजोरीसारखा वरच्या फळीवर, आणि तो पाहुणा बघून उघडायचा. लंडनमध्ये डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, मंडळ 1932 पासूनचं. तिथं गणपतीला गेलो तर आरत्या अशा घोटून पाठ की मला मधेच ओठ हलवून वेळ मारून न्यावी लागली. शेजारी उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या पोरानं ते पाहिलं. अजून आठवलं की लाज वाटते.

आणि गंमत म्हणजे हीच भाची परभणीत आल्यावर इंग्लिश झाली. दुपारी चारला तिला चहा पुरचुंडीचाच लागायचा, दूध वरून. रिक्षाच्या रांगेत (म्हणजे जिथं रांग असायला हवी तिथं) ती एकटीच उभी राहायची आणि सात जण तिच्या पुढं जाऊन बसायचे. काकूंनी “कुठं निघालीस?” विचारलं की तिला राग यायचा, हे विचारण्याचं कारण काय म्हणून. रेडिंगमध्ये मात्र तिची तक्रार उलटी होती, की इतकी वर्षं शेजारी राहून त्या बाईनं एकदाही कुठं निघालीस म्हणून विचारलं नाही. मी हे तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, “मामा, मी तिथं परभणीची आहे आणि इथं रेडिंगची. जिथं नसते, तिथलीच असते.” जावई लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले, “मी दोन्हीकडं मीटिंगमध्ये असतो.”

त्यांचं खरं होतं. दोघांचं ऑफिस लंडनच्या घड्याळावर. आपली दुपारची दीड म्हणजे त्यांची सकाळची आठ. ते दीडला बसायचे, रात्री दहा-साडेदहाला उठायचे. लाइट गेली की वरून दोन वेगवेगळ्या आवाजांत एकच इंग्रजी शब्द ऐकू यायचा. तो धाकट्यानं आमच्या गल्लीतल्या पोरांना शिकवला, बदल्यात पोरांनी त्याला तीन शिकवले. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास पुढं केलं आणि यांचं काम अचानक साडेबारालाच सुरू झालं. हिचा स्वैपाक व्हायचा होता. “तिकडच्या लोकांना काही उद्योग नाही का? सूर्य तोच, मग घड्याळ कामून हलवतात?” याचं उत्तर चार ब्रिटिश नागरिकांपैकी एकालाही देता आलं नाही.

एप्रिल लागला आणि आम्ही गच्चीवरून कूलर खाली आणला. जुन्या ताट्या काढल्या, वाळ्याच्या नव्या बसवल्या, पाणी सोडलं. घरभर तो वास पसरला. थोरली वही घेऊन आली. मी सांगितलं, हिंगोलीच्या मडमेच्या दारालाही अशीच वाळ्याची ताटी असायची, आणि बाहेर उभा राहून एक माणूस तिच्यावर दिवसभर पाणी मारायचा. इंग्रजांनी तो शब्दसुद्धा तसाच उचलला, ‘टॅटी’.

“त्या माणसाला वारा कोण घालायचा?” तिनं विचारलं.

मी कूलरचं बटण दाबलं. मोटारच्या आवाजात पुढचं बोलता आलं नाही, हे बरंच झालं. तिनं मात्र तो प्रश्न वहीत लिहिला. छावणीवरच्या दोन पानांत तेवढं एकच वाक्य मला तिच्या शाळेतल्या बाईंनी वाचावं असं वाटतं.

मेच्या मध्याला मंडळी गेली. बहीण तोवर काठी न घेता न्हाणीपर्यंत जाऊ लागली होती. जाताना सात बॅगांतली खाण्याची बॅग पुन्हा भरली : पाच किलो ज्वारीचं पीठ, येसर, चटणी, आणि धाकट्याच्या हट्टानं एक पाकीट ठेच्याचं. तो आता ठेचा खातो. चमच्याच्या टोकावर घेतो, डोळे मिटतो आणि मग खातो. इकडचं सामान वजनात बसावं म्हणून तिकडचं बरंचसं आमच्याकडं राहिलं. ओट्स मी चिमण्यांना घातले. कोट समोरच्या काकूंच्या नातवाला झाला.

मार्माइटची काळी बरणी फ्रिजमध्ये राहिली. हा पदार्थ करणारी कंपनी इंग्लंडात 1902 मध्ये निघाली आणि हिंगोलीची छावणी 1903 मध्ये उठली, म्हणजे आमची मडम थोडक्यात वाचली, असं मी आल्यागेल्याला सांगतो. पोरं गेली तेव्हा ती बरणी जवळजवळ भरलेली होती. परवा लोणी काढताना पाहिलं, तर अर्ध्याच्या खाली आलीय. घरात आम्ही दोघंच असतो, आणि मी ते खात नाही.